सुषमाच्या नवऱ्यासाठी खुर्चीची नोकरी

सुषमा वरठा हिला दहावीला इंग्रजीत पस्तीस मार्क पडले होते. त्यातले तिचे किती आणि बोर्डाने दया येऊन दिलेले किती, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. तलासरीजवळच्या त्यांच्या पाड्यावर तेव्हा दहावी पास झालेली मुलगी ती एकटीच होती, म्हणून पस्तीस काय आणि पंचाण्णव काय, मान सारखाच. मोबाइलवर मेसेज आला की लोक तिच्याकडे धाव घ्यायचे. ती डोळे बारीक करून, ओठ हलवत वाचायची आणि म्हणायची, "काही नाही, कंपनीचा आहे." दहातल्या नऊ वेळा ते खरंच निघायचं.

या मानाच्या जोरावरच ती उंबरगावच्या वसाहतीतल्या एका काचसामानाच्या कारखान्यात चेकर झाली. बरणी उजेडात धरायची, तडा दिसला तर बाजूला ठेवायची, नाही दिसला तर "ओके" म्हणायचं. दिवसातून हजार वेळा ओके म्हणून तिला अशी सवय लागली होती की घरी आई बायजीने भाकरी वाढली, तरी ती आधी उजेडात धरून बघायची. बायजी म्हणायची, "खा आता, फुटायची नाही ती."

त्याच खात्यात, खोक्यांवर लिहायच्या कामाला एक नेपाळी होता. हर्कबहादूर त्याचं नाव. पश्चिम नेपाळात अछाम म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिकडचा. बोलणं कमी, आणि जे होतं ते कारखान्यातल्या हिंदीत. पण कुंचला हातात घेऊन तो खोक्यावर इंग्रजी अक्षरं काढायला लागला की सुषमाच्या हातातली बरणी उजेडातच राहायची. छापल्यासारखी सरळ, काळी, तजेलदार अक्षरं. एवढं सुंदर इंग्रजी लिहिणारा माणूस किती शिकलेला असेल! आणि कसा गप्प राहतो, गर्व म्हणून नाही!

प्रत्येक खोक्यावर तो एक शब्द मोठा काढायचा. एकदा त्याने तिलाच विचारलं, "मॅडम, ये क्या लिखा है?"

सुषमाला वाटलं, परीक्षा घेतोय. तिने अक्षरं जुळवली. "फ्रागील," ती म्हणाली.

"मतलब?"

"गाव आहे. परदेशात. तिकडे जातो ना माल."

हर्कने मान डोलावली. रोज चाळीस-चाळीस खोकी जातात, म्हणजे केवढं गाव असेल, असं दोघंही पुढचे आठ महिने मानत होते. सुपरवायझरने एकदा हसून हसून खुर्चीचा हात धरला, तेव्हा कळलं की त्याचा अर्थ 'आत काच आहे, जपून'. तोवर दोघांचं लग्न झालेलं होतं. २०१४ सालची गोष्ट.

म्हणजे असं झालं, की तिने त्याला इंग्रजी येतं म्हणून पसंत केलं, आणि त्याने तिला. हर्क अक्षरं वाचत नव्हताच. तो त्यांची चित्रं काढत होता. समोर कागद धरा, तो जसाच्या तसा, उलट कागदापेक्षा बरा उतरवणार. वाचायचं म्हटलं तर एबीसीडी 'जी'पर्यंत.

सुषमाने ही गोष्ट पोटात ठेवली. पाड्यावर तिने आधीच सांगून टाकलं होतं, "जावई इंग्रजीवाला आहे." घरजावई म्हणून तो त्यांच्याकडेच राहायला आला. बायजीने त्याचं हरखा केलं, तो तिला आमा, म्हणजे आई, म्हणायला लागला आणि सुषमाला सुस्मा. भात लावायला, गवत कापायला तो असा उतरला की बायजी म्हणाली, "इंग्रजीवाल्याला चिखल चांगला कळतो."

पुढच्या वर्षी कारखान्यात छापून आलेली खोकी यायला लागली. कुंचलेवाल्याचं काम उरलं नाही. हर्क घरी बसला. खरं तर तो बसला कधीच नाही, कुंपण बांधत होता, कोंबड्यांचं खुराडं रंगवत होता. पण सुषमाच्या डोक्यात काम म्हणजे खुर्ची, पंखा आणि गळ्यात लटकणारं ओळखपत्र. तिने ठरवलं, नवऱ्याला योग्य ती नोकरी मीच लावून देणार. ही योग्य नोकरी कोणती, हे तिने सगळ्यांना विचारलं. हर्कला सोडून.

कोणालाही विचारा, उत्तर एकच. "नेपाळी ना? मग वॉचमन."

"का? नेपाळी माणसाने खुर्चीवर बसू नये?" ती भांडायची.

"वॉचमनला खुर्ची देतात की," लोक म्हणायचे.

आधी तिने त्याचं इंग्रजी पक्कं करायला घेतलं. दहावीचं गाईड ट्रंकेतून निघालं. रोज कामावरून आल्यावर अंगणात शिकवणी. हर्क त्यातलं प्रत्येक वाक्य वहीत इतक्या देखण्या अक्षरात उतरवायचा की तिला वाटायचं, पाठ झालंच. महिन्याभराने डहाणूतल्या एका मेडिकलवाल्याला मदतनीस हवाय असं कानावर आलं. सुषमा त्याला घेऊन गेली आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "इंग्रजी फर्स्ट क्लास आहे यांचं."

मेडिकलवाला खूश झाला. पहिल्या दिवशी हर्कने दुकान झाडून, सगळी औषधं नव्याने मांडून ठेवली. संध्याकाळी मालक बघतो तर तापाच्या गोळ्यांशेजारी केसांचं तेल, त्याच्याशेजारी खोकल्याचं औषध.

"हे कसं लावलंस रे?"

हर्क अभिमानाने म्हणाला, "जाड अक्षर इधर, पतला अक्षर उधर. बीच में तिरछावाला."

दुसऱ्या दिवशी एक बाई डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. हर्कने ती चिठ्ठी बराच वेळ न्याहाळली. चित्र जुळवून डबा काढायचा, एवढी त्याची तयारी होती. पण त्या चिठ्ठीत चित्रच नव्हतं, नुसती मुंग्यांची रांग. त्याने ती मालकाला दाखवली आणि कळवळून विचारलं, "ये किसने लिखा? बेचारे को किसी ने सिखाया नहीं?" ती बाई त्याच डॉक्टरची बहीण निघाली.

सुषमाला मालकाचा फोन आला. "बाई, फर्स्ट क्लास कशात म्हणालात?"

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. राग नवऱ्याचा होता, असं ती तेव्हा समजत होती. आता ती हा किस्सा सांगते तेव्हा म्हणते, "तो बिचारा दोन दिवसांत नापास झाला. मी पंधरा वर्षं पास म्हणून फिरत होते."

शेवटी नाक मुठीत धरून तिने वॉचमनला होकार दिला. चिखले गावात एका शेठची चिकूची वाडी होती. दिवसपाळी. फाटकाशी बसायचं, टेम्पो आला की वहीत नंबर, वेळ, ड्रायव्हरचं नाव लिहायचं. खुर्ची होती. पंखा नव्हता, पण समुद्राचा वारा होता. ओळखपत्रसुद्धा मिळालं. सुषमाने ते आपल्या हाताने त्याच्या गळ्यात घातलं आणि फोटो काढला.

नवव्या दिवशी शेठनेच तिला बोलावून घेतलं. ती फाटकाशी पोचली तेव्हा बाहेर पाच टेम्पो रांगेत उभे होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकून झाडाखाली बसले होते. आणि हर्क मान खाली घालून वहीत एमएच-४८ मधल्या 'एम'ला सावली देत होता. खालून निळी, बाजूने करडी. आधीची पानं तिने उलटली. प्रत्येक गाडीचा नंबर असा, की जणू वहीतून उचलून हातात घ्यावा. गुजरातच्या गाड्यांच्या 'जी'ला तर वेलबुट्टी होती.

"वही मी जपून ठेवीन," शेठ म्हणाले. गुजराती माणूस, आवाज मऊ. "पण बेन, चिकू थांबत नाही. ते पिकून जाय."

तिने ती वही बघितली, शेठचा चेहरा बघितला, ड्रायव्हर बघितले, आणि घरी येऊन नवऱ्याला काय म्हणाली? "चित्रं काढत बसलास आणि चांगली नोकरी घालवलीस!" एवढं ढळढळीत समोर मांडून ठेवलेलं असताना, हजार बरण्यांत केसाएवढा तडा शोधणाऱ्या या बाईला काही म्हणजे काही दिसलं नाही.

हर्कने ओळखपत्र काढून खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशीपासून परत कुंपण, कोंबड्या, शेत.

मग एका दुपारी बायजीकडे तहसीलमधून कागद आला. सुषमा कामावर होती. बायजीने तो सवयीने ट्रंकेवर ठेवला, पण हर्कने उचलला आणि मोठ्याने वाचायला लागला. नेपाळी लिपी आणि मराठी लिपी एकच. शाळा तो चौथीपर्यंत शिकला होता. अक्षर न अक्षर स्वच्छ. अर्थ मात्र शून्य. बायजीचं उलट. वाचता येत नव्हतं, ऐकलेलं सगळं कळत होतं. दोघांनी मिळून तो कागद पुरा केला.

आठवड्याभरात ही बातमी पाड्यावर पसरली. सुषमा एका रविवारी बाजारातून आली तर अंगणात दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या. पुतळी आजी, लाहू, काकड्या, ज्याच्या त्याच्या हातात घडी घातलेला कागद. मध्ये हर्क, खणखणीत आवाजात वाचतोय, "सदर अर्जदाराने आवश्यक त्या कागदपत्रांची पूर्तता न केल्यामुळे..." आणि म्हाताऱ्या माना डोलावतायत.

ती त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, तुला कळतं तरी का यातलं?"

"मुझे नहीं," तो म्हणाला. "उनको समझता है ना."

यावरून कोणी काय शिकावं ते शिको. सुषमा शिकली ते असं, की नवरा कारकून व्हायला लायक आहे. त्याच दिवशी तिने ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज सांगितला आणि हर्कने लिहिला. तिने आपली सगळी शालेय मराठी त्यात ओतली. "माझे पती हे अत्यंत हुशार, होतकरू, गरजू व निर्व्यसनी असून त्यांना कारकून पदाची मनापासून आवड आहे," हे वाक्य तर तिने स्वतःच दोनदा वाचून घेतलं.

पंचायतीत ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी अर्ज हातात घेतला आणि बघतच राहिले. "सुंदर," ते म्हणाले. "वा! फारच सुंदर."

सुषमाने पदर सावरला. "मजकूर मीच सांगितला, भाऊसाहेब."

"मजकूर अजून वाचला नाही," भाऊसाहेब म्हणाले. "अक्षर बघतोय. कोणाचं हे?"

"माझ्या नवऱ्याचं."

"रंगवता येतं का त्यांना? भिंतीवर?"

ती हर्ककडे वळली. कारखान्यातल्या त्या हिंदीत तिने पहिल्यांदा विचारलं, की तू कारखान्यात यायच्या आधी काय करत होतास. हर्कने साधेपणाने सांगितलं, की नेपाळातल्या धनगढीच्या बाजारात सहा वर्षं एका उस्तादाच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या आणि ट्रकांवरची नावं रंगवत होता.

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तूने पूछा नहीं, सुस्मा."

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. नवरा-बायकोच्या मध्ये पडायची त्यांना हौस नव्हती. शिवाय त्यांना चौदा भिंतींवर घोषवाक्यं हवी होती, आणि डहाणूचा पेंटर दोन महिने उद्या येतो म्हणत होता. कारकुनाच्या जागेचं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, की नेपाळच्या कागदपत्रांवर ती मिळणार नाही. भिंती मात्र उद्यापासून सुरू करा.

काम मिळालं. पण सुषमाचं चेकरपण कुठे जाणार? भाऊसाहेबांनी घोषवाक्यांची चिठ्ठी दिली होती, तिचंही अक्षर त्या डॉक्टरच्या वळणावर गेलेलं. हर्कला ते वाचवेना. "मी सांगते, तू काढ," सुषमा म्हणाली. रोज कामावरून आल्यावर ती भिंतीसमोर उभी राहायची, एक डोळा मिटून बघायची आणि म्हणायची, "ओके." शाळेची भिंत ओके, अंगणवाडी ओके, हातपंपाशेजारची खोली ओके. लाल काठाची निळी अक्षरं अशी उठून दिसत होती की रस्त्याने जाणाऱ्या जीपवाल्यांनी थांबून मोबाइलमध्ये फोटो काढले. चौदाव्या भिंतीला तिने स्वतःहून नारळ फोडला.

मग तालुक्याहून साहेब बघायला आले. पहिल्या भिंतीशी थांबले. दुसऱ्या भिंतीशी थांबले. तिसरीशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

"भाऊसाहेब, हे 'पानी जपा, गाव जपा' काय आहे?"

भाऊसाहेबांनी सुषमाकडे बघितलं. सुषमा पुढे झाली. "पानीच ना साहेब. रोज भरतो आम्ही."

"पानीच हाय," लाहू मागून म्हणाला. "दुसरं काय भरणार?"

"आमच्याकडेही पानीच," हर्कने मराठीत दुजोरा दिला. जमावापुढे त्याचं स्वतःचं ते पहिलं मराठी वाक्य.

साहेब भले होते. त्यांनी हसू दाबलं. "बोलायला पानीच बोला. पण लिहिताना बाणातला 'ण', बाई. पाणी. शाळेची भिंत आहे, मुलं तसंच शिकतील."

चौदा भिंतींवर मिळून एकतीस वेळा 'पानी' होतं. तिने प्रत्येकाला ओके म्हटलं होतं. चूक त्याची नव्हती, तो नेपाळी, त्याच्या भाषेत पानीच लिहितात. चूक मराठी येणाऱ्या बाईची होती. सुषमाला वाटलं, भिंतीने पोटात घ्यावं.

तिने कारखान्यातून चार दिवसांची सुट्टी काढली आणि डबा-चिंध्या धरायला नवऱ्याबरोबर गेली. तेव्हा तिने त्याला काम करताना पहिल्यांदा नीट बघितलं. 'न'च्या जागेत 'ण' मावत नाही. त्याला दोन पाय लागतात. नुसता कोंबला असता तर गर्दीत अंग चोरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा दिसला असता. हर्क आजूबाजूची अक्षरं पुसायचा, बोटांनी अंतर मोजायचा, मागे चालत जाऊन बघायचा, परत यायचा. एका शब्दासाठी अख्खी ओळ हलवायचा. त्याला घाई नव्हती आणि लाजही नव्हती. तो गुणगुणत होता. त्याचं गुणगुणणं तिने लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"कंटाळा नाही येत?" तिने विचारलं.

"इसमें?" त्याने आश्चर्याने विचारलं, जणू तिने जेवायचा कंटाळा येतो का असं विचारलं होतं.

चौदावी भिंत त्यांच्याच घराची होती. तिथे बायजी आडवी आली. "आमच्या घरावर आमच्यासारखंच राहू दे. साहेब राहायला येतो का इथे?" तेवढं एक 'पानी' राहिलं.

त्यानंतर हर्कला काम शोधून द्यायची वेळ आली नाही. जीपवाल्यांनी गाड्यांवर नावं काढून घेतली, त्यांच्याकडून टेम्पोवाल्यांना कळलं, सायवनपर्यंतच्या पिठाच्या गिरण्या झाल्या. मग बोर्डीकडच्या खाडीतल्या होड्या. दुकानांवर सगळीकडे छापील फ्लेक्स आले होते, पण होडीच्या लाकडावर फ्लेक्स टिकत नाही. तिथे कुंचलाच लागतो. सुषमा आपली नोकरी सांभाळून रविवारी त्याच्याबरोबर जायची आणि फोन घ्यायची. फोन घेणं तिने स्वतःकडेच ठेवलं होतं. तेवढा मोठेपणा तरी राहू दे, असं हर्कने ठरवलं असावं.

त्या मोठेपणाने २०१९च्या उन्हाळ्यात एक शेवटचा घात केला. बोर्डीच्या एका रिसॉर्टवाल्या मॅनेजरचा फोन आला, सगळा इंग्रजीत. सुषमा चार वेळा "येस सर" म्हणाली आणि एकदा "ओके". फोन ठेवल्यावर हर्कने विचारलं, "क्या बोला?"

"भिंत आहे," ती म्हणाली. एवढं तिला नक्की कळलं होतं.

भिंत होती, चाळीस फूट लांब. मॅनेजरने मोबाइलवर फोटो दाखवला: पांढऱ्या रेघांची माणसं, तारपा वाजवणारा, नाचणाऱ्यांचा फेर. "अशी वारली पेंटिंग हवी. तुम्ही येस म्हणालात."

"मी अक्षर काढतो," हर्क म्हणाला. "माणूस नाही येत."

मॅनेजर सुषमाकडे वळला. "पण तुम्ही वारली ना?"

वारली तर ती होती. पण लग्नात घराच्या भिंतीवर देवाचा चौक लिहायचं काम आईचं; सुषमाने शाळा आणि कारखाना सोडून कशाला हात लावला नव्हता. तरी तोंड पुढे गेलंच. "हो हो, येतं की." तिने कुंचला उचलला आणि एक माणूस काढला. दोन समोसे एकावर एक ठेवून वरच्याला लिंबू लावावं, आणि तेवढ्यात सगळं घसरावं, तसा तो दिसत होता. हर्कने तोंडावर हात ठेवला. मॅनेजरने मोबाइल खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी ती बायजीला घेऊन आली. बायजीने नवं लुगडं नेसलं होतं. तिने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितली, हाताने चाचपली आणि विचारलं, "माना सांग, लगीन कोणाचं?"

"लग्न नाही आजी," मॅनेजर म्हणाला. "शोभेसाठी."

"लगीन नाही तर चौक कशाला? देव कोणासाठी बोलवायचा?" बायजी खुर्चीवर बसली. चहा आला तो प्यायली, बिस्किटं खाल्ली. मग समजुतीने म्हणाली, "तुझ्या पोरीचं लगीन निघालं की निरोप धाड. येईन मी."

मॅनेजर सुषमाकडे बघत राहिला. आता ती काहीतरी सारवासारव करील, असं तिलाही वाटलं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "साहेब, चूक माझी. मला इंग्रजी येत नाही. फोनवर तुम्ही काय बोललात, काही कळलं नव्हतं. पुढच्या वेळी मराठीत बोला, नाहीतर हिंदीत."

पाड्यावरची एकुलती एक दहावी पास बाई हे बोलली, आणि तरी काही कोसळलं नाही. समुद्र आपला होता तिथे होता. मॅनेजर म्हणाला, "अहो, मग आधीच सांगायचं. माझंही इंग्रजी ऑफिसपुरतंच."

भिंतीवर मग रिसॉर्टचं नाव लिहायचं ठरलं, आणि खाली पोहणाऱ्यांसाठी सूचना. हर्कने दोरी धरून रेघ आखायला सुरुवात केली. बायजीला समुद्रावर जायचं होतं म्हणून सुषमा तिला घेऊन निघाली, तेवढ्यात मॅनेजरच्या ओळखीच्या दुसऱ्या कोणाचा फोन आला. सुषमाने त्याला हिंदीत बोलायला लावलं, भिंत केवढी, अक्षरं की चित्रं, रंग कोण आणणार, सगळं दोन-दोनदा विचारून घेतलं, आणि येस न म्हणता सांगितलं, "नवऱ्याला विचारते. उद्या कळवते."